राऊतकाकूंची चोरीची झाडं

आमच्या वास्तुशांतीला समोरच्या फ्लॅटमधल्या राऊतकाकू आल्या, मठ्ठा दोनदा मागून घेतला, जिलेबी गार झाल्याचं आचाऱ्याला ऐकवलं, माझ्या बायकोच्या, मेधाच्या, हातात नारळ ठेवला आणि जाता जाता टीव्हीशेजारच्या कुंडीतली पानं चोरून नेली. पानं गेल्याचं आम्हाला संध्याकाळी दिसलं. झाड जेडचं होतं, म्हणजे जाड, गुळगुळीत, आत पाणी साठवून बसणाऱ्या पानांचं. माझ्या मेव्हण्याने ते पुण्याहून आणलं होतं आणि पुण्याहून आणलंय हे आल्या-आल्या सगळ्यांना सांगूनही झालं होतं. एका फांदीवरची पानं इतक्या सफाईने गेली होती, की मेधाला उंदराचा संशय आला आणि मेव्हण्याला बोईसरच्या हवेचा. बोईसरच्या हवेवर काहीही खपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काकू आत आल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तुमच्या त्या झाडाला पानी लय होताय. पानं फुगलीत. हातात घेतली का कळता."

"तुम्ही कधी हातात घेतली?" मेधाने विचारलं.

"काल," काकू म्हणाल्या आणि समोर जाऊन स्वतःचं दार लावून घेतलं.

आमच्या इमारतीचं नाव सागरदर्शन. गच्चीवर टाकीवर चढून टाचा उंच केल्या तरी सागराचं दर्शन होत नाही, कारखान्यांच्या चिमण्यांचं होतं. मी तिथल्याच एका कापड कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आम्ही घाटावरचे, आणि हे काकूंनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. "तुमी घाटावरची माणसं," असं वाक्य सुरू झालं की पुढे आमच्या आमटीबद्दल, आमच्या आवाजाबद्दल किंवा आम्हाला मासे नीट करता येत नाहीत याबद्दल काहीतरी येणार हे ठरलेलं. काकू उमरोळीच्या. सासर बागायतदारांचं, पानवेलींची आणि केळींची वाडी. नवरा गेल्यावर त्या बोईसरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायला आल्या. मुलगा वापीला नोकरीला होता आणि दर रविवारी फोनवर आईला सांगायचा की आई, तू एकटी राहू नकोस. एवढं सांगून तो कर्तव्यातून मोकळा व्हायचा.

काकूंचं शास्त्र सोपं होतं. झाड मागायचं नाही, विकत घ्यायचं नाही, आणि कुणी हातात दिलंच तर आभार मानायचे नाहीत. "मागून आनलेला झाड पावन्यासारखा ऱ्हाता," त्या सांगत. "दोन दिस बसता नि निघून जाता. चोरलेल्याला परत जायला तोंड नसता. तो ऱ्हाता." चोरलेलं रोप चांगलं जगतं हा समज आमच्याकडेही आहे. पण आमच्याकडे लोक तो एकमेकांना हसत हसत सांगतात आणि नर्सरीत जाऊन रोप विकत घेतात. काकू तो पाळत. इतर अनेक गोष्टींत त्या सोयीने आधुनिक होत्या. एकादशीला त्यांच्याकडे बोंबील तळल्याचा वास आला तर "शेजारून येतोय" असं त्या आम्हालाच, म्हणजे एकुलत्या एक शेजाऱ्यांना, सांगायच्या.

चोरीची पद्धत पाहण्यासारखी होती. डाव्या हातात रुमाल. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट. पान ओढायचं नाही, बाजूला हलकं हलवायचं, म्हणजे ते बुडख्यासकट सुटतं. बुडखा तुटला तर त्या पानाला मूळ फुटत नाही आणि चोरी वाया जाते. हे सगळं करताना काकूंचं तोंड समोरच्या माणसाशी बोलत असायचं, तेही जिव्हाळ्याने. कुणी स्वतःच्या आजाराबद्दल काकूंना सांगत असेल आणि काकू मान हलवत मन लावून ऐकत असतील, तर समजावं की जवळ कुठेतरी कुंडी आहे.

घरी आल्यावर पानाला श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणात निजवायचं. लगेच मातीत नाही. "जखम सुकूं दे आधी," त्या म्हणायच्या. तुटलेल्या जागेवर खपली धरली की जाड रेती आणि थोडी माती यांच्यावर पान नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. पाणी नाही. काही दिवसांनी बुडख्यापाशी गुलाबी केसासारखी मुळं दिसू लागत आणि मग बाजूला मुगाच्या दाण्याएवढं नवं झाड. त्यानंतर पाणी, तेही चमच्याने, तेही माती कोरडी ठणठणीत झाल्यावर, तेही पानांवर न पडू देता. झाड नवं झालं की आईचं पान सुकून जायचं, आणि ते काकू काढायच्या नाहीत. "पडंल तेव्हा पडंल, तुला काय घाई?" असं त्या मला म्हणाल्या होत्या, जणू मी घाई केली होती.

खिडकीत अशी झाडं ओळीने बसलेली असायची, कान तुटलेल्या कपांत, दह्याच्या मडक्यांत, औषधाच्या टोपणांत. प्रत्येकाचं नाव चोरीच्या जागेवरून. दाताच्या डॉक्टरकडून आणलेला तो दातवाला. लग्नाला गेल्या होत्या तिथल्या बंगल्यातून आणलेली, राखाडी-हिरव्या गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी, ती सफाळेवाली. आमच्या जेडच्या पानाचं झाड झालं तेव्हा त्याला पुणेकर म्हणू लागल्या. तो सगळ्यांत सावकाश वाढायचा आणि उन्हाकडे तोंड करून बसायचा. "कोनाशी बोलत नाय," काकू म्हणायच्या. मेव्हणा आला की मी त्याला पुणेकर मुद्दाम दाखवायचो.

मेधा शिक्षिका. तिने एकदा रीतसर विचारलं, "काकू, मला सफाळेवालीचं एक रोप द्याल का?"

"नाय."

"का हो?"

"मरंल."

मेधाचा चेहरा पडला. काकू दारापर्यंत आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दुपारी मी निजते. दार उघडा असता. मला काय ऐकू येत नाय." त्यांना तिसऱ्या मजल्यावरचं कुकर ऐकू यायचं. मेधा दुपारी गेली, खिडकीपाशी पोहोचली आणि मुलांना खोटं बोलू नका शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी जे होतं ते तिला झालं. ती मोठ्याने खोकली. सोफ्यावर झोपलेल्या काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "खोकायला आलीस का गो? उचल नि जा." मेधाने रोप उचललं, सवयीने "थँक्यू" म्हणाली, आणि काकू ताडकन उठून बसल्या. "ठेव ते खाली. गेला आता." मेधाने ते तरीही घरी आणलं, पण त्याचं पुढे खरोखरच काही झालं नाही. मला वाटतं मेधाने पाणी जास्त घातलं. मेधाला वाटतं थँक्यूमुळे.

एकदा मी काकूंना घेऊन पालघरला गेलो होतो. नवरा सरकारी नोकरीत होता, त्याच्या पेन्शनसाठी काकू जिवंत असल्याचा दाखला द्यायचा होता. ज्या कार्यालयात गेलो तिथे जिवंत माणसाला बराच वेळ बसवून ठेवायची रीत होती, म्हणजे आपोआपच खात्री होते. शेवटी साहेबांसमोर गेलो. साहेबांच्या टेबलावर एका पांढऱ्या कुंडीत जाड पानांचं सुरेख झाड होतं. साहेब संगणकाकडे वळून म्हणाले, "तुम्हीच का हेमलता राऊत?" तेवढ्यात काकूंनी जिवंतपणाचा आणखी एक पुरावा दिला. मी पाहिलं, साहेबांनी नाही पाहिलं. बाहेर येईपर्यंत माझ्या पाठीला घाम होता आणि काकू मला उसाचा रस पाजायला निघाल्या होत्या.

आठवड्याने त्यांच्याकडे गेलो तर श्रीखंडाच्या झाकणात ते पान होतं. मी उचलून पाहिलं. प्लास्टिकचं होतं. वर शिरा, खाली साच्याची रेघ, सगळं होतं.

"काकू, हे..."

"ठेव तिथंच," त्या म्हणाल्या. "सरकारी हाय. येळ लागंल."

त्यांना ते तिथेच, साहेबांच्या टेबलापाशीच कळलं असणार. पण चोरी फसली हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी ते पान महिनोन्‌महिने तिथे निजवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर "अजून मूळ नाय फुटला" असं गंभीरपणे सांगत.

या सगळ्यावर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक दिवस कारवाई केली. त्यांनी प्रवेशदाराशी कुंड्या ठेवल्या होत्या आणि त्यांची पानं कमी होत होती. कॅमेरा बसला. मग सभा बोलावली आणि सर्वांना मोबाइलवर चित्रण दाखवलं. काकू मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या साडीत मी बारीक दिसते." वॉचमनला साक्षीला उभं केलं. तो म्हणाला, "साहब, आंटी पत्ता लेती हैं, पर गिरा हुआ पत्ता उठा के गमला भी साफ करती हैं. बाकी लोग तो उसमें थूकते हैं." त्यानंतर सभेत झाडांचा विषय कुणी काढला नाही. थुंकणाऱ्यांतले दोघे पहिल्याच रांगेत बसले होते.

आता हे सगळं वाचून वाटेल की बाई गमतीची होती. मलाही तेच वाटायचं. मेधाला खरं आधी कळलं, वालाच्या शेंगा सोलताना.

बोईसरला आल्यावर काकूंची सुरुवातीची सगळी झाडं मेली होती. वाडीत वाढलेल्या बाईला झाड म्हटलं की एकच कळतं: आळं करा आणि पाणी सोडा. काकूंनी अंगठ्याएवढ्या झाडाभोवती कपात बोटाने आळं केलं आणि सकाळ-संध्याकाळ ते भरलं. झाड पिवळं पडू लागलं तसं त्यांनी वाडीतलं शेवटचं औषध काढलं, मासळी धुतलेलं पाणी. त्यांच्याकडे दुधी भोपळ्यापासून आंब्यापर्यंत सगळ्याला ते घालतात, आणि सगळं धरतं. या झाडाने ते दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी खोडाचं बूड काळं झालं, पानं गळून पडली, मासळीच्या वासाने आलेल्या मांजराने कप उपडा केला आणि पळ काढला. पुढचं झाडही तसंच, त्याच्या पुढचंही. आणि दर वेळी काकू स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. औषधाच्या टोपणात मावणाऱ्या झाडासाठी.

कारण त्यांच्या थोरल्या जावेने, कुसुमताईंनी, एक वाक्य म्हटलेलं होतं. काकूंचा नवरा आजारी पडला तेव्हा वाडी काकूच बघत होत्या. दवाखान्याच्या धावपळीत एक दिवस मोटार चालूच राहिली. पानवेलींच्या मुळांशी पाणी तुंबलं आणि पाठोपाठ सगळा मळा कुजला. त्याच वर्षी नवराही गेला. तेराव्याच्या जेवणाला, पंगत बसलेली असताना, वाढता वाढता कुसुमताई म्हणाल्या, "हिच्या हाताला काय जगतच नाय."

एवढंच. पुन्हा वाढायला लागल्या. पंगतीत सगळ्यांनी ताटाकडे बघितलं. मला ते मेधाकडून ऐकून फार राग आला, आणि मी तेव्हा कुसुमताईंना पाहिलंही नव्हतं. काकूंनी उमरोळीचं घर सोडलं आणि जावेशी बोलणं सोडलं. त्यांचं म्हणणं एकच होतं. तिने ते शब्द मागे घ्यावेत. ज्या तोंडाने म्हणाली त्या तोंडाने. बाकी काही नको.

म्हणून पाणी थांबवायला काकू स्वतःच शिकल्या. हात पाठीमागे बांधून खिडकीसमोर उभ्या राहायच्या, असं त्यांनीच मेधाला सांगितलं. "पानी घालू नको, पानी घालू नको, असा जप करायचे मी." दातवाला हे त्यांच्या हाताला जगलेलं पहिलं झाड. दाताची कवळी बसवली त्या दिवशी चोरलेलं. कवळी पुढे बसली नाही, झाड बसलं.

कुसुमताईंना मी पाहिलं ते गणपतीत. राऊतांचा दीड दिवसाचा गणपती उमरोळीच्या घरी यायचा आणि त्याला सगळ्यांनी जायचंच असतं, बोलत असा की नसा. काकूंना स्कूटरवरून मी नेलं. कुसुमताई उंच, काळ्यासावळ्या, कपाळाला मोठं कुंकू. दोघी जावा एकाच चुलीपाशी मोदक करत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं असेल ते देवाला सांगायच्या.

"देवा, सांग तिला, सारन संपला."

"बाप्पा, सांग हिला, डब्यात हाय, डोळे असले तर दिसंल."

"देवा, डोळे हायेत म्हनावा. डबाच कोनी वर लपवलाय."

गणपती बिचारा दोघींच्या मधे कान उघडे ठेवून बसला होता. दीड दिवसाने त्याची सुटका व्हायची. विसर्जन झालं की दुभाष्या गेल्यामुळे दोघींचं बोलणं पुन्हा वर्षभर बंद.

निघताना काकूंनी कुसुमताईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या झाडाचं पान रुमालात घेतलं. मी ते झाड ओळखलं. सफाळेवाली होती. काकूंच्याच खिडकीतली.

"तिच्याकडे कशी आली?" मी स्कूटर सुरू करता करता विचारलं.

"चोर बाई हाय ती," काकू म्हणाल्या. "काकांच्या तिथीला येते ना माझ्याकडे, तेव्हा नेली."

पितृपक्षात काकांच्या तिथीला कुसुमताई खरोखरच आल्या. त्या दिवशी मीही जेवायला होतो. जेवण झालं, कुसुमताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, आणि काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांनी भांडी इतका वेळ आणि इतक्या जोरात आदळली, की एखाद्याने खिडकीसुद्धा काढून नेली असती तरी ऐकू आलं नसतं. कुसुमताईंनी सावकाश, सगळी झाडं एकेक करून निरखली. दातवाल्याचं पान हलकं हलवून काढलं. बुडखा शाबूत. मग आपल्या पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वर पंख्याकडे बघू लागलो.

असं ते वर्षानुवर्षं चाललं होतं. काकूंचं एखादं झाड पावसाळ्यात कुजलं, की गणपतीत उमरोळीहून त्याचं पान परत यायचं. कुसुमताईंचं गेलं, की तिथीला बोईसरहून जायचं. दोन खिडक्यांत तीच झाडं फिरत होती. मेधा एकदा काकूंना म्हणाली, "काकू, ज्या हाताला काही जगत नाही म्हणतात, त्या हातचं रोप कुणी चोरून नेतं का? त्यांनी शब्द केव्हाच मागे घेतलेत."

"तोंडाने घेतले नाय," काकू म्हणाल्या. "बोलली तोंडाने, नि मागे घेनार पिशवीत? असा चालत नाय." आणि मेधाला चहा न देताच घरी पाठवलं.

गेल्या आषाढात कुसुमताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. निरोप आला तेव्हा मी काकूंकडेच होतो. त्यांनी फोन ठेवला, खिडकीशी गेल्या, एक कप उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला.

"आता बोलनार कशी ती?" त्या म्हणाल्या. "मुद्दाम केला तिने. मला ऐकायला नको म्हनून मुद्दाम केला." आणि रडायला लागल्या. पूर्वी स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या तशा नाही, माझ्यासमोर, तोंडावर पदरही न घेता. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

त्यानंतरही त्या गेल्या नाहीत. जायचं म्हणायच्या आणि कारण काढायच्या. पाऊस आहे. गुडघा आहे. आज अमावास्या आहे. मला बोलवलेलं नाही. ज्या बाईने साहेबाच्या टेबलावरून न विचारता पान उचललं, तिला आता आमंत्रण हवं होतं. मी शेवटी चिडलो. म्हटलं, "काकू, त्या गेल्यावर कुणाला शब्द मागे घ्यायला लावणार?" त्यांनी मला "घाटावरचा" एवढं एकच म्हटलं आणि पायांत चपला घातल्या.

उमरोळीला पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. कुसुमताईंची सून मनीषा बाहेर आली, आत घेऊन गेली. खाट स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत खिडकीखाली टाकली होती आणि झाडं त्यांना दिसावीत म्हणून मनीषाने स्वयंपाकघरातून तिथे आणून ठेवली होती. कुसुमताई उशीला टेकून बसवलेल्या होत्या. कपाळावर कुंकू होतं, कुणीतरी दुसऱ्याने लावलेलं, जरा खाली. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र तेच. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि पाहतच राहिल्या.

काकू दारात उभ्या राहिल्या. कुसुमताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, सांग तिला, हेमी आलीय."

मी काय सांगणार? त्या ऐकतच होत्या.

मग काकूंची नजर खिडकीकडे गेली आणि त्यांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला. "मनीषा! या झाडांना पानी कोन घालता?"

"मीच," मनीषा म्हणाली. "आईंचं औषध झालं की पेल्यात पाणी उरतं ते घालते. आईंची लाडकी झाडं ना."

"दिसातून किती टायमाला?"

"औषध असेल तितक्या वेळी."

"बुडवलास गो सगळी," काकू म्हणाल्या. खरंच होतं. सफाळेवालीचं खोड काळं पडलं होतं, खालची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती. मनीषाचे डोळे भरले. महिनाभर त्या पोरीने सासूचं सगळं केलं होतं, आणि वर झाडंही सांभाळली होती. काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारल्यासारखं काहीतरी केलं, थोडी जोरातच. "रडतेस काय? मी पन असाच बुडवलाय. सगळा मळा बुडवलाय मी."

कुसुमताईंच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हता.

काकू खाटेपाशी गेल्या. खिडकीतली सफाळेवाली जागच्या जागी फिरवून पाहिली. शेंड्याजवळ दोन-तीन पानं घट्ट, चांगली होती. रुमाल काढला नाही. कुसुमताईंच्या अंगावरून हात पुढे करून त्यांनी अंगठ्याने आणि बोटाने एक पान हलकं बाजूला हलवलं. पान सुटलं.

आणि कुसुमताईंनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

मला आधी वाटलं आधारासाठी धरलं असेल. पण ते तसं नव्हतं. चांगलं करकचून धरलं होतं, चोराला धरतात तसं. काकूंनी हात ओढून पाहिला. सुटला नाही.

"सोड," काकू म्हणाल्या. देवाला नाही, मला नाही. सरळ कुसुमताईंना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कुसुमताईंनी मान हलवली. नाही.

"सोड गो. दुखता."

पुन्हा नाही. त्यांचा वाकडा ओठ हलत होता. घशातून तोच आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, आणि डाव्या हाताने त्या काकूंचा हात, पान मुठीत असलेला, स्वतःकडे ओढत होत्या. आधी छातीपाशी नेला. मग कपाळाला लावला. कुंकू काकूंच्या बोटांना लागलं.

काकू ताठ उभ्या होत्या त्या हळूहळू वाकल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. "कळला," त्या म्हणाल्या. "कळला मला. गप."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "काकू, निघायचं का? पाऊस येईल."

"तू नीघ," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "ही सोडत नाय."

काकू त्यानंतर बोईसरला राहायला आल्या नाहीत. कपडे आणि झाडं न्यायला आल्या त्या दिवशी मी कारखान्यात होतो, आणि मेधा सांगते की आमच्या जेडचीही काही पानं त्या जाताना घेऊन गेल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये आता एक शांत, सभ्य कुटुंब राहतं. ते आमच्याकडून काहीही नेत नाहीत. मला त्यांचा कंटाळा येतो.

उमरोळीहून एकटा निघालो त्या दिवशी अंगणातून स्कूटर बाहेर काढताना मी खिडकीतून आत पाहिलं. मनगट अजून कुसुमताईंच्या मुठीत होतं. काकू मोठमोठ्याने बोलत होत्या, मोदकाच्या सारणाबद्दल, कुणीतरी वर लपवलेल्या डब्याबद्दल, अमक्या लग्नात नेसलेल्या साडीबद्दल, सगळी साठलेली भांडणं एका दमात. आणि मोकळ्या हाताने जावेच्या कपाळावरचं घसरलेलं कुंकू पुसून नीट मधोमध लावत होत्या.